डावी सीट सोडून आखातात जावं का? (वैमानिकाची परदेशी नोकरी)

सातपुडा_३६०

नमस्कार मंडळी. घरात महिनाभर हाच विषय चालू आहे, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

मी एका भारतीय विमान कंपनीत एअरबस ए३२० वर कॅप्टन आहे, म्हणजे कॉकपिटमध्ये डाव्या सीटवर. वय ३६, बेस मुंबई. गाव रावेर तालुक्यात. आई-वडील तिथेच असतात, केळीची बाग आहे. बायको फिजिओथेरपिस्ट, मुलगी दुसरीत.

पहिली संधी आखातातल्या एका मोठ्या कंपनीची. विमान मोठं, पण पद फर्स्ट ऑफिसरचं (सहवैमानिकाचं), म्हणजे मला परत उजव्या सीटवर बसावं लागेल. राहायला घर, मुलीच्या फीचा ठरावीक भाग, वर्षाला ४२ दिवस रजा, पगारावर आयकर नाही.

दुसरी व्हिएतनामची. ए३२० वरच कॅप्टन, एजन्सीमार्फत तीन वर्षांचं कंत्राट. सहा आठवडे काम, तीन आठवडे घरी. पगार डॉलरमध्ये. कुटुंब इथेच राहणार.

तिसरा पर्याय म्हणजे आहे तिथेच राहणं. नोकरी बरी आहे, पण रात्रीच्या ड्युट्यांनी शरीर थकतं, आणि ३० टक्के कर, त्यावर सरचार्ज आणि सेस जाऊन हातात जे उरतं ते पाहून मन बाहेर धावतं.

पगाराचे आकडे मी मांडून झालो. पगार सोडून आणखी काय मोजायला हवं, हे मला विचारायचं आहे. वडिलांना विचारलं तर म्हणतात, "तुले जे पटीन ते कर." त्यांच्या मनात काय आहे ते कळत नाही.

केळी_बागायतदार

भाऊ, आपल्या रावेरचा पोर्‍या कॅप्टन आहे हे मले आजच समजलं! आधी पेढे, मंग सल्ला.

भुसावळ_लोको

अभिनंदन, बेटा. मी रेल्वेतून निवृत्त झालेला लोको पायलट. तुमच्या कॅप्टनकीतलं मला काही कळत नाही, पण घरापासून दूर रात्री काढणं चांगलं कळतं. आधी हे सांग, आई-वडिलांची तब्येत कशी आहे? जवळपास दुसरं कोणी आहे का?

सातपुडा_३६०

काका, वडिलांना शुगर आहे, पण रोज बागेत जातात. आईचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. बहीण जळगावला असते. फोन केला की निघते, पण तिचाही संसार आहे.

शारजा_ते_शहादा

मी विमानातला नाही, शारजात बांधकाम कंपनीत इंजिनिअर आहे. मुलं इथेच शिकली, म्हणून घरखर्चाचं तेवढं सांगतो.

ऑफर लेटर घेऊन शांतपणे बस आणि "बेसिक" किती लिहिलंय ते बघ. यूएईत नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती फक्त बेसिकवर निघते. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. भत्ते मोठे आणि बेसिक लहान असेल तर दहा वर्षांनी हातात येणारी रक्कम बघून वाईट वाटतं. पेन्शन नाही. म्हातारपणाची तरतूद पहिल्या पगारापासून स्वतःच करायची.

शाळेच्या फीला कंपनी कमाल मर्यादा घालते. वरची फी, बस, गणवेश आपल्या खिशातून. सीबीएसईच्या शाळा ब्रिटिश शाळांपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात, आणि परत भारतात यायचं असेल तर अभ्यासक्रमही जुळतो.

जमेची बाजूही सांगतो. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रुपया घसरला की गावी पाठवलेल्या पैशाचे रुपये जास्त होतात. माझं शहाद्याचं घर त्यावरच उभं राहिलं.

अमळनेरची_लेक

शारजा_ते_शहादा दादांनी खर्चाचं लिहिलं, मी घरातल्या बाईचं लिहिते. माझे मिस्टर आखातात वैमानिक आहेत.

सातपुडा दादा, तुम्ही तीन पर्याय लिहिलेत, त्यात वहिनींच्या कामाचा उल्लेख फक्त ओळखीपुरता आलाय. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत ना? मग त्यांना तिथे पोहोचल्या पोहोचल्या काम करता येणार नाही. दुबईत डीएचएचं (तिथल्या आरोग्य खात्याचं) लायसन्स लागतं, अबू धाबीचं खातं वेगळं, कतारचं वेगळं. डिग्री, कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचे दाखले हे सगळं डेटाफ्लो या पडताळणी करणाऱ्या कंपनीमार्फत मूळ ठिकाणाहून तपासून येतं, मग परीक्षा. कॉलेजने आणि जुन्या दवाखान्याने उत्तर द्यायला उशीर केला की सगळं तिथेच अडकतं. हे काम भारतात असतानाच सुरू करा. मी केलं नसतं तर घरी नुसती बसून राहिले असते.

दुसरं म्हणजे मिस्टर चार दिवस सिडनीला आणि मुलाला ताप, असं होणारच. परक्या शहरात सासू नाही, आई नाही, शेजारीण नवी. पहिलं वर्ष मी फार रडले. त्यातच आखाजी (अक्षय्य तृतीया) आली. अमळनेरला सगळ्या मैत्रिणी माहेरी आलेल्या, झोक्यावरचे फोटो पाठवताहेत, आणि मी अठराव्या मजल्यावर. पुढच्या वर्षी आम्ही इथल्या खान्देशच्या बायका जमलो, गौराई बसवली, सांजोऱ्या केल्या. आता श्रावणात कानबाईचे रोटही होतात. पण अशी माणसं जमवायला वेळ लागतो, आणि ती आपणच जमवावी लागतात.

आज मला विचाराल तर मी खूश आहे. मुलांना बाबा जास्त मिळतात, कारण सुट्टीच्या दिवशी ते खरोखर सुट्टीवर असतात. वहिनींना माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पांझराकाठ

पैसा कोठे बी भेटस भो. मायबाप फक्त आठेच शेतस. जाऊ नको.

खान्देशी_बाणा

पांझराकाठ यांना अनुमोदन. इथे वैमानिक कमी पडताहेत. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांची ऑर्डर दिली, त्याच वर्षी इंडिगोने ५०० ची. ही विमानं उडवणार कोण? शिकलेली माणसं आखातात गेली तर इथल्या प्रवाशांचं काय? आपल्या देशाला गरज असताना जाणं मला पटत नाही.

तापीकाठचा

बाणा, तुझी तळमळ खरी आहे, पण हे ओझं एकट्या वैमानिकाच्या डोक्यावर ठेवू नकोस. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, १७ एप्रिल २०१९ ला जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. त्या वेळी पगार थकले म्हणून बँकेने कर्जाचे हप्ते माफ केले नाहीत. त्यातले कितीतरी जण आखातात आणि व्हिएतनामला गेले म्हणून त्यांची घरं वाचली.

सातपुडा, मी आखातात बोईंग ७७७ वर आहे. भारतातून निघालो तेव्हा मी फर्स्ट ऑफिसरच होतो, त्यामुळे तुझ्याएवढी मोठी गोष्ट मला सोडावी लागली नव्हती. तुझा प्रश्न माझ्यापेक्षा अवघड आहे.

सगळ्यात आधी सीनियॉरिटी, म्हणजे ज्येष्ठतेची यादी. तू रुजू होशील त्या तारखेला यादीत सगळ्यात खाली. आधीच्या कंपनीत कॅप्टन होतास याला तिथे मान आहे, पण यादीत जागा नाही. रजा कधी मिळणार, कमांड (कॅप्टनपद) कधी, कपात झाली तर आधी कोण, सगळं त्या यादीवर. मुलाखतीत "इतक्या वर्षांत कमांड" म्हणतात तो आजच्या दिवसाचा हिशोब असतो. नवी विमानं वेळेवर आली तर तो खरा ठरतो. बोईंगचं ७७७एक्स २०२० मध्ये द्यायचं ठरलं होतं, ते आता २०२७ वर गेलंय. त्या विमानांच्या भरवशावर किती जणांची कमांड अडली असेल ते तूच बघ.

दुसरं, कामाचं स्वरूपच बदलतं. आज तू दिवसाला तीन-चार सेक्टर (उड्डाणं) करतोस, पावसाळ्यात मुंबईत उतरतोस, हात तयार राहतो. आमच्याकडे दुबई ते लॉस एंजेलिस सोळा तासांच्या आसपास. चार वैमानिक, आळीपाळीने झोप, आणि शेवटी लँडिंग एकच. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीत असा नियम आहे, तर आमच्यातल्या काहींना ती सिम्युलेटरमध्ये जाऊन पूर्ण करावी लागतात. ज्याला विमान हाताने उडवण्यात आनंद वाटतो त्याला हे जड जातं. मला जड गेलं.

तिसरं म्हणजे आपलं सगळं एकाच खुंटीला टांगलेलं असतं. घर कंपनीचं, व्हिसा कंपनीचा, शाळेची फी कंपनीची. २०२० मध्ये माझ्या शेजारच्या घरातल्या कॅप्टनला ईमेल आला आणि नोकरी, घर, मुलांची शाळा हे सगळं एकदम गेलं. चांगला, अनुभवी माणूस. त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च भारतातल्या खात्यात ठेवल्याशिवाय निघू नकोस.

हे सगळं असूनही मी परत जायचं म्हणत नाही. रोस्टर वेळेवर येतं आणि सहसा बदलत नाही. ट्रेनिंग उत्तम आहे. आणि जग बघायला मिळतं, हे मी लपवणार नाही.

भुसावळ_लोको

तापीकाठचा, छान लिहिलंस. सातपुडा, आमच्या रनिंग स्टाफच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. बाप गाडीवर असतो तेव्हा घर आई चालवते, आणि बाप घरी आला तरी मुलं आधी आईलाच विचारतात. माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालाला मी इटारसीच्या रनिंग रूममध्ये होतो. तेही एक-दोन दिवसांपुरतं. तू सलग सहा आठवडे जाणार म्हणतोस. मला विचारशील तर व्हिएतनाम सोडून दे. जायचं तर पोरीला आणि सुनबाईला घेऊन जा.

हवेतला_धुळेकर

काका, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण व्हिएतनामची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी तिथे कंत्राटावर उडलो आहे, हो ची मिन्ह सिटी बेसवर.

मुंबईत असताना मी "रोज घरी" होतो खरा, पण पहाटे तीनला उठून जायचो आणि दुपारी झोपायचो. मुलाला बाप दिसायचा तो घोरताना. कंत्राटावर गेल्यावर सहा आठवडे नव्हतो, पण आलो की तीन आठवडे पूर्ण त्याचा. धुळ्याला शेतात, पोहायला, सगळीकडे बरोबर. आम्हाला ते मानवलं. आणि तुझे डाव्या सीटवरचे तास चालू राहतात, हे फार मोठं आहे.

पण कंत्राट वाचताना डोळे उघडे ठेव. दर महिन्याचे किमान तास किती धरलेत? आजारी पडलास तर पगार किती दिवस? मेडिकल कायमचं गेलं तर लॉस ऑफ लायसन्सचा विमा कोण भरतं? घरी जाण्या-येण्याचे दिवस तीन आठवड्यांत धरतात की वेगळे? एजन्सी एका देशात, विमान कंपनी दुसऱ्या देशात, मग भांडण झालं तर कायदा कोणत्या देशाचा? आणि कर भरून हातात येणारी रक्कम लिहिली आहे की कर कापायच्या आधीची? तिथे वरच्या टप्प्याला ३५ टक्के कर आहे.

कंत्राटी माणसाला यादीच नसते. कंपनीला गरज आहे तोवर सन्मान, गरज संपली की कंत्राट संपलं. २०२० मध्ये माझं असंच थांबलं. तेव्हा घरी बसायची तयारी होती म्हणून निभावलं.

शिरपूर_एक्सप्रेस

मधेच विचारतो, माफ करा. मी बारावी सायन्सला आहे. शिरपूरला आणि धुळ्याला गोंदूरच्या विमानतळावर ट्रेनिंगची विमानं रोज बघतो. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) झाल्यावर थेट आखातात नोकरी मिळते का? बाबा कर्ज काढायला तयार आहेत.

हवेतला_धुळेकर

बाळा, नाही. सीपीएलला २०० तास लागतात आणि तेवढ्यावर आखातातली मोठी कंपनी घेत नाही, त्यांना जेटवरचा अनुभव हवा असतो. आधी भारतात टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवायची पात्रता), मग काही वर्षं लाइनवर, म्हणजे रोजच्या प्रवासी उड्डाणांवर. कर्ज काढण्याआधी मेडिकल कर. क्लास टू, मग क्लास वन. डोळे, कान, हृदय सगळं तपासतात. फी भरून झाल्यावर अनफिट निघालेली मुलं मी बघितली आहेत, बापाची जमीन गेली. मेडिकल हातात आल्यावर मला लिही, पुढचं बोलू.

शिरपूर_एक्सप्रेस

धन्यवाद दादा. उद्याच बाबांना सांगतो.

केळी_बागायतदार

जळगावहून विमानं आता नीट सुरू आहेत का हो? आखातातून यायचं तर रावेरपर्यंतचा रस्ताच मोठा.

अमळनेरची_लेक

विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते झालं, मग सरकारच्या उडान योजनेत विमानं आली, बंद पडली, २०२४ पासून फ्लाय९१ कंपनीची पुन्हा आली. आम्ही मात्र मुंबईत उतरून रात्रीची रेल्वेच धरतो. दुबई ते मुंबई तीन तास आणि मुंबई ते अमळनेर त्याच्या दुप्पट-तिप्पट.

सीए_नवीपेठ

जळगावात प्रॅक्टिस करतो. आखातातल्या आणि अमेरिकेतल्या बऱ्याच खान्देशी मंडळींची कामं माझ्याकडे आहेत. सातपुडा, तुम्हाला तीन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची आहे.

निघण्याची तारीख. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला तरच आयकराला अनिवासी. म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडायच्या आत निघायला हवं, आणि त्याच वर्षात सुट्टीवर आलात तर तेही दिवस मोजतात. ऑक्टोबरात निघालात तर तिथला पगारही त्या वर्षी इथे करपात्र. व्हिएतनामसारख्या ये-जा कंत्राटात पासपोर्टवरचे शिक्के दर वर्षी मोजावे लागतील, विशेषतः तुमचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर, कारण तिथे १२० दिवसांची अट येते.

बँक. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्यायचं, बाहेरच्या कमाईसाठी एनआरई उघडायचं. एनआरईवरच्या व्याजाला कर नाही. पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत चालतं, नवीन उघडता येत नाही.

आता तिसरी. तुम्ही शेतकरी घरातले आहात म्हणून विचारतो, पुढे शेतजमीन घ्यायचा विचार आहे का? नोकरीसाठी देश सोडला की फेमा (परकीय चलन) कायद्याने तुम्ही अनिवासी होता, आणि अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन, फळबाग किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. भेट म्हणूनही घेता येत नाही. वारसाने येते, आणि निघण्याआधी घेतलेली असेल तर ठेवता येते.

सातपुडा_३६०

सीए साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून मी तसाच वडिलांना फोन लावला. आमच्या बागेला लागून चार एकर आहे. मालकाची मुलं पुण्याला, तो विकणार म्हणतोय. आखातात दोन-तीन वर्षं काढली की त्या पैशातून ती जमीन घ्यायची, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. खरं तर जायची निम्मी ओढ त्या चार एकरांसाठीच होती. वडिलांना हे आजवर बोललो नव्हतो, आज बोललो. ते म्हणाले, त्यांच्याही मनात तेच आहे, पण तू परदेशी जाणार म्हणून मी तुला अडकवू कशाला.

सीए_नवीपेठ

मग दोन मार्ग आहेत. आता, निवासी असताना, तुमच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, तो पुरावा तुमच्या घरात आहे. किंवा गेल्यावर वडिलांना पैसे भेट म्हणून पाठवा आणि त्यांनी त्यांच्या नावावर घ्यावी. मुलाने वडिलांना दिलेल्या भेटीवर कर नाही. मात्र दुसऱ्या मार्गात पुढे वारसाचा विषय येतो. बहिणीचाही हक्क आहे, तिच्याशी आजच मोकळं बोला. पैसे पाठवून झाल्यावर भावंडांत वितुष्ट आलेली प्रकरणं मी कोर्टात बघितली आहेत.

केळी_बागायतदार

चार एकर बागायत म्हणे! भाऊ, घ्यायच्या आधी विहिरीचं पाणी मे महिन्यात बघ, दिवाळीत नको. आपल्याकडे बोअर किती खोल चालले तुले माहीत आहे. शेवाळं धरलेल्या विहिरीले भुलू नको. आणि मेमधलं वादळ. दोन वर्षांपूर्वी आमच्या शिवारात कापणीले आलेली बाग एका संध्याकाळी आडवी झाली. सीएमव्ही रोगानं उपटून टाकावी लागलेली झाडं वेगळीच. बागेले माणूस उभा पाहिजे. तू दुबईले अन् बाबा सत्तरीले, तर ते चार एकर बघणार कोण? हे घरात ठरव.

शारजा_ते_शहादा

इथल्या सुपरमार्केटात आपल्या जळगावची केळी दिसतात आता. २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेव्हापासून इथल्या मित्रांना मी नाव घेऊन सांगतो. फिलिपिन्सच्या केळ्यापेक्षा चव आपलीच.

केळी_बागायतदार

चव आपलीच राहीन! आखातात जाणाऱ्या मालाचं पॅकिंग आमच्या शेजारी होते, पोरी-बाया फण्या धुऊन खोक्यात भरतात. सातपुडाआधी आमची केळी दुबईले पोचली.

खान्देशी_बाणा

नोटीस पिरियडबद्दल कोणीच बोललं नाही. डीजीसीएच्या (विमान वाहतूक नियामकाच्या) २०१७ च्या नियमाप्रमाणे कमांडरला, म्हणजे कॅप्टनला १२ महिन्यांची नोटीस, को-पायलटला ६ महिन्यांची. तोवर एनओसी नाही. परदेशी कंपनी वर्षभर थांबणार का?

तापीकाठचा

चांगला मुद्दा. सध्याच्या कंपनीने मान्य केलं तर लवकर सुटता येतं, पण कॅप्टन कमी असताना कोण मान्य करेल? आखातातल्या कंपन्यांना भारताचा हा नियम माहीत आहे. काही जणांना निवड करून पूलमध्ये (प्रतीक्षायादीत) ठेवतात. पण पूलमध्ये असणं म्हणजे नोकरी नव्हे. रुजू व्हायची तारीख लेखी आल्याशिवाय राजीनामा टाकू नकोस. आणि डीजीसीएकडून लायसन्सच्या पडताळणीचं पत्र त्यांच्याकडे जावं लागतं, त्याला लागणारा वेळ धर.

हवेतला_धुळेकर

शिवाय भारतातली परिस्थिती बदलते आहे. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने ड्युटीच्या वेळांचे नवे नियम आणले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. ते पूर्ण लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा सगळ्या देशाला कळलं की वैमानिक किती अपुरे आहेत. हे नियम टिकले तर तुझ्या रात्रीच्या थकव्याचा थोडा तरी भार हलका होईल. मोठी विमानंही येताहेत, इंडिगोने एप्रिल २०२४ मध्ये ३० ए३५० मागवली. भारतात राहून मोठ्या विमानावर डाव्या सीटला बसायची शक्यता दहा वर्षांपूर्वी नव्हती, ती आज आहे.

तापीकाठचा

धुळेकरच्या या मुद्द्यावरून मूळ प्रश्नाकडे येतो. सातपुडा, किती वर्षांसाठी जायचं हे तू अजून लिहिलेलं नाहीस. माझ्या मते सगळं त्यावर आहे.

वय ३६. वैमानिकाला ६५ पर्यंत उडता येतं, म्हणजे २९ वर्षं शिल्लक. शेवटपर्यंत तिथे राहायचं असेल तर पाच-सात वर्षं उजव्या सीटवर काढणं मोठी गोष्ट नाही, पुढे वीस वर्षं कमांड आहे. पण आई-वडील थकले की सात-आठ वर्षांत परत यायचं असेल, तर तू कमांड मिळायच्या तोंडावर ती सोडशील, आणि भारतात येऊन पुन्हा नव्या यादीत खालून सुरू करशील. टंचाई असली तर इथे थेट कॅप्टन म्हणून घेतात, पण तेव्हा टंचाई असेलच हे कोण सांगणार? कमी वर्षांसाठी आखातात जाऊन उजव्या सीटवर बसणं मला तोट्याचं वाटतं. कमी वर्षंच हवी असतील तर व्हिएतनाम बरं, डावी सीट तरी टिकते. काका रागावतील, पण हेच माझं मत.

भुसावळ_लोको

रागावत नाही रे. तू हिशोबाने बोललास. मी माझ्या मतावर आहे.

पांझराकाठ

जाऊ नको हे मना पहिलाच दिनपासून सांगनं शे.

अमळनेरची_लेक

सातपुडा दादा, वहिनी काय म्हणाल्या?

सातपुडा_३६०

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी गेलो होतो, बहिणीलाही बोलावलं. आईने बामणोदच्या वांग्यांचं भरीत केलं, आणि बागेत बसून आम्ही सगळे बोललो.

बायको स्पष्ट म्हणाली की व्हिएतनाम नको. तीन वर्षं एकटीने मुलगी सांभाळायची तिची तयारी नाही, आणि ती बरोबर आहे. धुळेकर, तुझ्या घराला मानवलं, आमच्या घराला मानवणार नाही.

आखाताबद्दल तापीकाठच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही शोधलं. आई-वडिलांना आम्ही फार तर आठ वर्षं असे ठेवू शकतो. आठ वर्षांसाठी कमांड सोडणं मला पटत नाही. तरी आखाताला मी नाही कळवलेलं नाही. थेट कॅप्टनची भरती ए३२० वाल्यांसाठी निघाली तर मला विचारा, असं लिहून पाठवलं आहे. तोवर इथेच. बायको डेटाफ्लोची कागदपत्रं आतापासून गोळा करते आहे, अमळनेरची_लेक ताईंशी तिचं बोलणं झालं. ए३५० साठी कंपनीत अर्ज मागवले तर टाकणार.

जमीन मात्र आता घ्यायची ठरली. माझ्या नावावर, निवासी असताना. बहिणीला आधी सांगितलं. ती म्हणाली, घे, फक्त मला आखाजीला यायला झोका बांध. वडील त्या संध्याकाळी शेजाऱ्याकडे जाऊन आले.

सीए साहेब, काय कागद आणू?

सीए_नवीपेठ

सातबारा, आठ-अ, सगळे फेरफार, गट नकाशा. विकणाऱ्याच्या वारसांची नावं आणि त्यांची संमती. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का ते सातबाऱ्याच्या इतर हक्कात बघा. मूळ मालक वारले असतील तर वारसनोंद झालेली हवी. तुमचा शेतकरी असल्याचा दाखला. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या नोंदींचा शोध) काढून घ्या, इसार त्यानंतर द्या.

केळी_बागायतदार

अन् इसाराच्या आधी विहीर. मी यावलले कामानं येतोच, मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुझ्या बाबांसंगे शिवारात जाऊन मोटर चालवून बघतो, किती तास पाणी टिकते ते. त्यांचा नंबर व्यनि कर. पेढे तठीच खाऊ.